उन्हाळ्यातली क्रॅपी: जिवंत मिनो की कृत्रिम आमिष?

क्रॅपी हा अमेरिकेतल्या तळ्यांतला गोड्या पाण्याचा मासा. वसंतात ती अंडी घालायला काठाशी येते तेव्हा लहान मुलंही बॉबर, म्हणजे गळाचा तरंगता बोळा, लावून डझनभर मासे काढतात. जून उजाडून पाणी तापलं की हीच मासळी काठावरून नाहीशी होते आणि निम्मे लोक रॉड गॅरेजात टांगून ठेवतात. मला हे कधीच पटलेलं नाही. पांढऱ्या क्रॅपीचा जागतिक विक्रम ५ पौंड ३ औंसांचा, म्हणजे सुमारे २.३५ किलोचा आहे. तो मासा मिसिसिपी राज्यातल्या इनिड धरणावर ३१ जुलै १९५७ रोजी, भर उन्हाळ्यात लागला होता. उन्हाळ्यात क्रॅपी खायचं थांबवत नाही. ती खोल, मोकळ्या पाण्यात पसरते, त्यामुळे एका जागी गळ टाकून बसलं तर सापडत नाही. बोट संथ चालवत, एकाच वेळी अनेक गळ ओढत तिला शोधावं लागतं. हेच ट्रोलिंग.

ट्रोलिंगला निघणारा नवखा माणूस आधी आमिषाच्या दुकानात जातो आणि तिथेच अडकतो. मिनो, म्हणजे आमिषाचे छोटे जिवंत मासे, घ्यावेत, जिग, म्हणजे शिशाच्या डोक्याचं कृत्रिम आमिष, घ्यावेत, की भिंतीवर टांगलेली ती माशाच्या आकाराची रंगीत क्रँकबेट घ्यावीत? माझं म्हणणं असं, की हा प्रश्न शेवटी सोडवायचा आहे. आधी मासे कुठल्या थरात आहेत ते पाहा, मग बोटीचा वेग ठरवा. वेग ठरला की हुकाला काय लावायचं याला फारसे पर्याय उरत नाहीत.

पुढचं सगळं अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या जलाशयांना धरून लिहितोय: टेक्सस, मिसिसिपी, टेनेसी, अलाबामा, जॉर्जिया. डॅलस, ह्यूस्टन, अटलांटा भागात आपली बरीच मंडळी आहेत आणि त्यातल्या कित्येकांना लहानपणी कोकणात खाडीवर गरवायची सवय होती. ती सवय इथे कामाला येते. एक-दोन गोष्टी मात्र विसराव्या लागतात, त्या पुढे सांगतो.

निघण्यापूर्वी

राज्याचा मासेमारी परवाना काढा आणि त्या विशिष्ट तळ्याचे नियम वाचा. राज्याचा सर्वसाधारण नियम एक आणि तळ्याचा वेगळा, असं पुष्कळदा असतं. टेक्ससमध्ये बहुतेक ठिकाणी क्रॅपी किमान १० इंच लांब हवी आणि माणशी दिवसाला २५ ची मर्यादा आहे. मिसिसिपीतल्या सार्डिस, इनिड, ग्रेनाडा, अर्काबुत्ला या नावाजलेल्या तळ्यांना स्वतंत्र नियम आहेत. माणशी किती रॉड चालतात हे तर आवर्जून बघा, कारण ट्रोलिंगची सगळी मांडणी त्यावर ठरते. उत्तरेत मिनेसोटात उन्हाळ्यात माणशी एकच लाइन टाकता येते, त्यामुळे आठ रॉडची मांडणी तिथे करताच येत नाही.

लाइफ जॅकेट, भरपूर पिण्याचं पाणी आणि टोपी घ्या. बोट पहाटे पाण्यात उतरवा. दुपारी ढग भरून आले आणि लांबवर गडगडलं तर रॉड गुंडाळून लगेच काठ गाठा. मोकळ्या पाण्यात लांब ग्रॅफाइट रॉड उभारून बसलेल्या माणसासाठी वीज हा फार मोठा धोका आहे.

पायरी १: मासे किती खोलीवर आहेत?

उन्हाळ्यात खोल तळ्यातल्या पाण्याचे थर पडतात. वर गरम पाणी, खाली थंड पाणी आणि मध्ये एक पट्टा, जिथे तापमान झपाट्याने उतरतं. या पट्ट्याला थर्मोक्लाइन म्हणतात. खालचं थंड पाणी वरच्या पाण्यात मिसळत नाही आणि तळाशी कुजणारा पालापाचोळा त्यातला प्राणवायू संपवून टाकतो. त्यामुळे तळ्याची खोली ४० फूट असली तरी मासे त्या पट्ट्याच्या वरच असतात. खालच्या पाण्यात आमिष नेणं म्हणजे सकाळ वाया घालवणं.

फिश फाइंडरची (पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राची) सेन्सिटिव्हिटी हळूहळू वाढवत नेली की हा पट्टा पडद्यावर धुरकट आडव्या रेषेसारखा दिसतो. रेषा १८ फुटांवर असेल तर १० ते १७ फुटांतलं पाणी नीट तपासा. पडद्यावर बारीक ठिपक्यांचा ढग दिसला तर ती शॅडची, म्हणजे क्रॅपी ज्यांवर जगते त्या छोट्या चंदेरी माशांची, पिल्लं. ढगाच्या खाली किंवा कडेला मोठ्या, सुट्या खुणा दिसल्या तर त्या बहुधा क्रॅपीच्या. ज्या तळ्यात प्रवाह जोरात आहे किंवा जे फार उथळ आहे, तिथे असे थर पडतीलच असं नाही. तिथे शॅडच्या ढगांवर विसंबून राहा.

क्रॅपीचे डोळे डोक्यावर उंच असतात आणि ती वरचं भक्ष्य टिपते. खुणा १४ फुटांवर दिसत असतील तर आमिष १२–१३ फुटांवर न्या. एखादा फूट वर गेलं तरी ती उठून येते. खाली गेलेल्या आमिषाकडे मात्र ती सहसा वळत नाही. ट्रोलिंगमध्ये नवख्यांचे सर्वांत जास्त तास इथे वाया जातात.

पायरी २: वेग ठरवा

आता पडद्यावर बघा की मासे विखुरलेत की एका जागी दाटलेत.

मोठ्या मोकळ्या पाण्यात खुणा दूर दूर विखुरलेल्या असतील तर वेगाने फिरायला हवं. ताशी १.५ ते २ मैल हा क्रँकबेटचा वेग. एका सकाळी मैलोन्‌मैल पाणी पालथं घालता येतं. काही जणांना वाटतं की उन्हामुळे मासा सुस्तावला असेल, म्हणून हळू जावं. होतं उलटंच. माशाचं रक्त थंड, त्यामुळे कोमट पाण्यात त्याचं शरीर जोरात चालतं आणि भूकही वाढते. पाणी ८० अंश फॅरनहाइटच्या (सुमारे २७ अंश सेल्सियस) वर गेलं की क्रॅपी पळत्या आमिषामागे धावते. हिवाळ्यात तीच क्रॅपी त्याकडे ढुंकूनही पाहणार नाही.

मासे बुडालेल्या झाडाला, फांद्यांच्या ढिगाला किंवा जुन्या नदीपात्राच्या कडेला चिकटून असतील तर ताशी ०.३ ते ०.८ मैल. हा मिनोचा वेग. या दोन्हींच्या मध्ये, ताशी ०.८ ते १.२ मैलांच्या आसपास, जिगचं राज्य.

मिनो त्याच्या वेगापेक्षा जोरात ओढला तर तो पोहत नाही, भिंगरतो आणि थोड्याच वेळात ओठ फाटून निघून जातो. क्रँकबेट त्याच्या वेगाहून हळू ओढलं तर ते खोलही जात नाही आणि थरथरतही नाही. म्हणून अर्ध्या रॉडवर मिनो आणि अर्ध्यांवर क्रँकबेट लावून ‘बघू काय लागतंय’ असं करू नका. एका वेगात दोन्ही नीट चालत नाहीत आणि दिवसाअखेर कशाबद्दलच काही कळलेलं नसतं.

बोटीचा जीपीएस जमिनीच्या हिशोबाने वेग दाखवतो. वारा किंवा प्रवाह असेल तर त्याच आकड्यावर जाताना आमिष एका दिशेला नीट चालतं आणि परतताना लंगडतं. आकड्यासोबत लाइनचा तिरकेपणाही पाहत जा.

पायरी ३ अ: मिनोची मांडणी

बोटीच्या पुढच्या टोकाला रॉड होल्डरचा पंखा उघडायचा, त्यात १२ ते १६ फुटी लवचिक रॉड बसवायचे आणि बोट पुढे ढकलत न्यायची. लांबून पाहिलं तर बोटीला कोळ्यासारखे पाय फुटलेले दिसतात, म्हणून इथले लोक याला स्पायडर रिगिंग म्हणतात. प्रत्येक लाइनवर अर्धा ते पाऊण औंस (१४ ते २१ ग्रॅम) शिसं, त्याच्या वर एक हूक आणि खाली लहान लीडरवर (जोडलेल्या लाइनच्या तुकड्यावर) दुसरा. शिशामुळे लाइन जवळजवळ सरळ खाली लटकते, म्हणून खोली फुटाच्या हिशोबाने नेमकी राखता येते. मिनोचं खरं बळ याच नेमकेपणात आहे. लाइन फार मागे झुकायला लागली तर वेग कमी करा किंवा शिसं वाढवा.

हूक बारीक तारेचे घ्या, दोन नंबर ते एक नंबरचे. मोठे मिनो असतील तर त्याहून एक माप मोठा, वन-ऑट (१/०). बारीक तार फांदीत अडकली की जोराने ओढल्यावर सरळ होते, सुटते आणि चिमट्याने पुन्हा वाकवता येते. टेक्ससमधल्या लेक फोर्कसारख्या तळ्यात पाण्याखाली अख्खी झाडं उभी आहेत. तिथे क्रँकबेट ओढणं म्हणजे पैसे पाण्यात टाकणं. अशा जागी मी दुसरा विचारच करत नाही, मिनोच लावतो.

आता मिनो लावायचा कसा. हात ओला करा, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. अंगठा आणि तर्जनीत त्याला पाठीकडून अलगद धरा, पोट दाबू नका. हुकाचं टोक खालच्या ओठाखालून वर घ्या आणि वरच्या ओठातून मधोमध बाहेर काढा. टोक एका बाजूला निघालं तर मिनो पाण्यात तिरका चालतो आणि लाइनला पीळ पडतो. बोटीच्या कडेला हातभर लाइन सोडून चालत्या बोटीत तो कसा जातो ते बघा. नाक पुढे, अंग सरळ, शेपूट हलती असेल तरच खाली सोडा. पाठीतून हूक घालणं थांबलेल्या बोटीसाठी ठीक आहे, ट्रोलिंगला नाही.

दुकानात बहुतेक दोन जाती मिळतात, फॅटहेड आणि गोल्डन शायनर. अर्कान्सासच्या लोनोक परिसरात या माशांची मोठी शेती आहे आणि दक्षिणेतल्या दुकानांत तिकडचा माल भरपूर येतो. शायनर चमकतो, क्रॅपीला दुरून दिसतो, पण गरम पाण्यात पटापट मरतो. फॅटहेड रंगाने मळकट, पण चिवट. जुलै-ऑगस्टमध्ये मी फॅटहेडच घेतो. लांबी दीड ते अडीच इंच पुरे.

मिनो जगवणं हेच उन्हाळ्यातलं निम्मं काम. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून जाड थर्माकोलची किंवा कूलरसारखी बादली आणि बॅटरीवरचा एअरेटर हवाच. पाणी थंड ठेवायला गोठवलेली पाण्याची बाटली झाकण घट्ट लावून बादलीत तरंगती ठेवा. बर्फाचे खडे थेट टाकू नका. नळाच्या पाण्याचा बर्फ वितळला की त्यातला क्लोरीन मिनोंना मारतो. बादलीत नळाचं पाणी घालायचं असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे क्लोरीन काढायचे थेंब वापरा. पाणी रात्रभर उघडं ठेवणं पुरत नाही, कारण अनेक शहरांत क्लोरामाइन वापरतात आणि ते तसं उडून जात नाही. थंडाव्यातही घाई नको. तापमान एकदम उतरलं तरी मिनो दगावतात. मेलेले मिनो दिसताक्षणी काढून टाका.

पायरी ३ आ: जिग

शिशाचं डोकं, त्यातून निघालेला हूक आणि त्यावर चढवलेली मऊ प्लास्टिकची शेपूट किंवा केसांचा झुपका. एवढंच जिग. बोटीच्या मागे ८० ते १०० फूट लाइन सोडून ओढायचं. १/१६ औंस (१.८ ग्रॅम) आणि १/८ औंस (३.५ ग्रॅम) ही वजनं जवळ ठेवा. लाइन ४ ते ६ पौंडी, म्हणजे तेवढा ताण पेलणारी.

जिगची खोली वेगावर अवलंबून असते: हळू गेलात तर खाली बसतं, वेग वाढवला तर वर येतं. त्यामुळे ताशी एक मैलाच्या आसपास ०.१ चा फरकही महत्त्वाचा ठरतो. घोड्याच्या तोंडासारखं डोकं आणि त्याखाली छोटं फिरतं पातं असलेलं रोड रनर गढूळ पाण्यात चांगलं चालतं, कारण पात्याची थरथर माशाला दिसण्याआधी जाणवते. मासे चोची मारून सोडत असतील तर वेग ताशी ०.७–०.८ मैलांपर्यंत उतरवा आणि जिगच्या हुकावर एक लहान मिनो ओठातून लावा. जिवंत आणि कृत्रिम दोन्ही एकत्र लावायला हीच एक जागा मला योग्य वाटते.

पायरी ३ इ: क्रँकबेट

दोन इंची, शॅडच्या पिल्लाच्या आकाराचं, पुढे प्लास्टिकची पट्टी असलेलं तरंगतं आमिष. ओढलं की ती पट्टी त्याला खाली नेते. मिसिसिपीच्या तळ्यांवर बँडिट ३०० हे सर्वांच्या डब्यात सापडणारं मॉडेल. हाताने टाकून ओढलं तर ते ८ ते १२ फूट जातं, मागे शंभर फूट लाइन सोडून ट्रोल केलं तर थोडं आणखी खाली. मासे त्याहून वर असतील तर बँडिटचीच २०० मालिका.

इथे खोली मुख्यतः लाइनच्या लांबीवर आणि जाडीवर ठरते. १० पौंडी मोनोफिलामेंट, म्हणजे आपलं तंगूस, वापरा आणि सगळ्या रॉडवर एकाच जाडीचं ठेवा. लाइन किती सुटली हे मोजणारे रील मिळतात. सुरुवातीला इतर कशावरही खर्च करण्याआधी ते घ्या. ९५ फुटांवर मासा लागला तर पुढच्या रॉडवरही ९५ लावता येतात. अंदाजाने सोडलेल्या लाइनवर लागलेला मासा पुढच्यासाठी काहीच शिकवून जात नाही.

रॉड बोटीच्या दोन्ही बाजूंना आडवे लावा: सर्वांत लांब, १४–१६ फुटी, पुढे आणि मागे येताना १२, १० आणि ८ फुटी. लाइन एकमेकींपासून दूर राहतात आणि वळताना गुंता होत नाही. प्रत्येक क्रँकबेट सोडण्याआधी बोटीशेजारी ओढून पाहा. ते डावीकडे पळत असेल तर पुढचा तारेचा डोळा चिमट्याने उजवीकडे अगदी किंचित वाकवा. उजवीकडे पळत असेल तर उलट. सरळ चालणारं क्रँकबेट रॉडच्या टोकाला सतत बारीक थरथरवतं. ती थरथर थांबली, पण रॉड वाकला नाही, तर हुकात पान किंवा गवत अडकलंय. लगेच गुंडाळून साफ करा. अडकलेलं क्रँकबेट दिवसभर ओढलं तरी त्याला मासा लागत नाही.

रंग

स्वच्छ पाण्यात चंदेरी, पांढरा, शॅडसारखा. गढूळ पाण्यात पोपटी, भडक गुलाबी, नारिंगी किंवा काळ्या-पोपटीची जोडी. सुरुवातीला प्रत्येक रॉडवर वेगळा रंग लावा आणि ज्यावर दोन-तीन मासे येतील तो निम्म्या रॉडवर न्या. रंगावर लोक तासन्‌तास बोलतात. खोली आणि वेग चुकला असेल तर कुठलाही रंग वाचवत नाही, म्हणून मी त्याला तिसरी जागा देतो.

पायरी ४: माशांनाच विचारा

जिग किंवा क्रँकबेट ओढताना बोट सरळ रेषेत नेऊ नका, सापासारखी रुंद वळणं घ्या. वळताना आतल्या बाजूच्या लाइन मंदावतात आणि बाहेरच्या वेग घेतात. जिग लावलेलं असेल तर आतलं जिग खाली बसतं आणि बाहेरचं वर उठतं. सारखा आतल्याच रॉडला मासा लागत असेल तर त्यांना आमिष हळू किंवा खोल हवंय, सरळ जातानाही वेग ०.१ ने कमी करा. बाहेरच्या रॉडना लागत असेल तर वाढवा. क्रँकबेट तरंगतं असल्यामुळे आतल्या बाजूला ते वर येतं आणि मंदावतं, त्यामुळे तिथे बाहेरच्या रॉडवर मासा येणं ही वेग वाढवायची खूण समजा. ज्या जागी दोन मासे लागले तिथे जीपीएसवर खूण करा आणि त्याच दिशेने, त्याच वेगाने पुन्हा त्यावरून जा.

ताशी १.७ मैलांनी तासभर फिरून काहीच लागलं नाही, पण पडद्यावर एका ढिगाऱ्यावर मासे दाटलेले दिसले, तर क्रँकबेट गुंडाळा आणि मिनो काढा. उलट, मिनोवर एकाच जागी दोन-चार लहान मासे येऊन पुढे शांतता पसरली तर मोकळ्या पाण्याकडे वळा. म्हणून दोन्ही सरंजाम बोटीत असू द्या. पाण्यात मात्र एका वेळी एकच.

मासा लागल्यावर

खाडीत हातात तंगूस धरून गरवणाऱ्याचा हात मासा लागताच हिसका मारतो. इथे तो आवरा. क्रॅपीच्या तोंडाची कातडी कागदासारखी पातळ असते, हिसक्याने फाटते आणि मासा सुटतो. चालत्या बोटीने हूक आधीच रुतवलेला असतो. रॉड होल्डरमधून अलगद उचला, लाइन ताणलेली ठेवून सारख्या वेगाने गुंडाळा आणि बोटीशी आल्यावर जाळीतच घ्या. लाइनला धरून उचलू नका. बोट थांबवूही नका. थांबली की बाकीचे गळ एकतर तळाला जातात किंवा वर येऊन गुंततात.

ठेवायचे मासे लगेच बर्फात टाका. कोमट पाण्याच्या लाइव्हवेलमध्ये (बोटीतल्या मासे जिवंत ठेवायच्या टाकीत) ते तासाभरात मऊ पडतात. मापात न बसणारे मासे हातात खेळवत न राहता ताबडतोब पाण्यात सोडा. खोल आणि गरम पाण्यातून वर आलेली क्रॅपी सोडल्यावरही जगेलच असं नसतं, म्हणून मर्यादा भरली की ‘आता पकडून सोडू’ असं न करता ट्रोलिंग थांबवा.

उरलेले मिनो तळ्यात ओतायचे नाहीत. परक्या पाण्यातले मासे आणि रोग असेच पसरतात. ते घट्ट पिशवीत भरून कचऱ्यात टाका. टेक्ससमध्ये तळ्यावरून निघताना बोटीतलं, लाइव्हवेलमधलं पाणी काढून टाकणं कायद्याने बंधनकारक आहे, कारण झेब्रा शिंपल्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं त्या पाण्यातून दुसऱ्या तळ्यात जातात. रॅम्पवरून बोट वर घेतली की तळाचा बूच उघडा, लाइव्हवेल आणि बादली रिकामी करा, ट्रेलरला चिकटलेलं शेवाळ हाताने काढा आणि मगच गाडी रस्त्याला लावा.